काठिण्य किती सांगावे? : भूमिकाखेळातील सूत्रधार, कॉटन ग्रीनचा आकडा आणि गिरणगावातील दहीहंडी

सारांश

भूमिकाखेळात एखादी कृती किती अवघड आहे हे खेळ चालविणाऱ्याने खेळाडूला किती प्रमाणात सांगावे, हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासून वादाचा राहिला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा मुंबईच्या गिरणगावातील दोन खेळांच्या साहाय्याने केली आहे. कापसाच्या दरातून जन्मलेला आकडा हा पहिला खेळ आणि दहीहंडी हा दुसरा. काठिण्याची माहिती ही एकसंध नसून तिचे लक्ष्यांक, परिणाम आणि निर्णयपद्धती असे तीन घटक पडतात. वादाचा सारा भर पहिल्या घटकावर राहिल्याने उरलेले दोन दुर्लक्षित राहिले, असे येथे प्रतिपादन केले आहे. खेळाडूच्या नकाराला अर्थ राहील इतकी माहिती देणे हे सूत्रधाराचे किमान उत्तरदायित्व होय, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाखेळ, सूत्रधार, काठिण्य, संभाव्यता, आकडा, दहीहंडी, नकार.

प्रस्तावना

खेळाचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आढळतो. एक अंग शारीरिक शिक्षणाचे, तर दुसरे लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे. खेळ ही एक रचना आहे, तिला कर्ता असतो, तो कर्ता खेळाडूला काही सांगतो आणि काही राखून ठेवतो, या अंगाने झालेले विवेचन मात्र तुलनेने विरळ आहे. साहित्यकृतीच्या समीक्षेत निवेदकाने वाचकापासून काय लपविले याची चर्चा सातत्याने होते. तोच प्रश्न खेळाला विचारता येतो. किंबहुना खेळात तो अधिक तीव्र होतो, कारण वाचकाला कादंबरीत काही पणाला लावावे लागत नाही; खेळाडूला लावावे लागते.

भूमिकाखेळ या प्रकारात हा प्रश्न सर्वांत स्वच्छ रूपात दिसतो. या खेळात चार-सहा माणसे एका मेजाभोवती बसतात. प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एक जण मात्र पात्र न घेता भोवतालचे जग, त्यातील अडथळे आणि इतर सर्व माणसे उभी करतो. त्यासाठी येथे ‘सूत्रधार’ ही संज्ञा वापरली आहे. पात्राने काही अवघड कृती करावयाचे ठरविले, उदाहरणार्थ भिंत चढणे किंवा कुलूप उघडणे, तर तिचे यशापयश बहुधा फाशावर ठरते. फाशावर किती दान पडले म्हणजे कृती यशस्वी, हे अनेक पद्धतींमध्ये सूत्रधार ठरवितो. हा अंक फासा टाकण्यापूर्वी खेळाडूला सांगावा काय, हा वादाचा मूळ मुद्दा होय.

संज्ञा आणि मर्यादा

काठिण्याची माहिती असे म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली गोष्ट लक्ष्यांक, म्हणजे यशासाठी किती हवे. दुसरी परिणाम, म्हणजे यश आले तर काय मिळेल आणि अपयश आले तर काय गमवावे लागेल. तिसरी निर्णयपद्धती, म्हणजे निकाल कोणत्या साधनाने लागेल आणि ते साधन कोणाच्या हाती असेल. हे तीन घटक परस्परांपासून स्वतंत्र आहेत. एक उघड आणि उरलेले दोन झाकलेले अशी रचना सहज संभवते.

तुलनेची एक मर्यादा आरंभीच नोंदविणे आवश्यक आहे. भूमिकाखेळात निर्णय खेळाडू घेतो आणि इजा पात्राला होते. आकड्यात खेळाडूचा पैसा जातो, आणि दहीहंडीत प्रत्यक्ष शरीर पणाला लागते. त्यामुळे भूमिकाखेळातील औचित्याचा प्रश्न या दोन खेळांत नैतिक प्रश्नाचे रूप घेतो. मेजावर जी चूक केवळ रसभंग करते ती रस्त्यावर कोणाचा तरी मणका मोडते. रचनेतील दोष ओळखण्यासाठी ही तीव्रता उपयुक्त ठरते, म्हणूनच ही तुलना येथे स्वीकारली आहे.

भूमिकाखेळातील परंपरा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा या प्रकारातील प्रकाशित झालेला पहिला खेळ मानला जातो. त्याच्या प्रगत आवृत्तीत खेळाडूंसाठीचा ग्रंथ १९७८ मध्ये आणि सूत्रधारासाठीचा ग्रंथ १९७९ मध्ये निघाला. प्रहार लागण्यासाठी किती दान हवे याची कोष्टके सूत्रधाराच्या ग्रंथात होती; खेळाडूच्या ग्रंथात नव्हती. म्हणजे माहितीची विषम वाटणी ही सूत्रधाराच्या मर्जीवर सोडलेली बाब नसून ग्रंथांच्या मांडणीतच होती.

या मांडणीला पर्याय लवकरच उपलब्ध झाला. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळात पात्राचे प्रत्येक कौशल्य टक्केवारीत लिहिलेले असे. कौशल्य ४० असेल तर शंभरात चाळीस वेळा यश, हे खेळाडूला स्वतःच्याच कागदावर दिसे. २००० मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व कृतींसाठी एकच रीत घातली. वीस बाजूंचा फासा टाकावा, त्यात पात्राची गुणवृद्धी मिळवावी आणि बेरीज सूत्रधाराने ठरविलेल्या काठिण्यांकाइतकी वा त्याहून अधिक झाली की यश. काठिण्यांक १५ आणि गुणवृद्धी ५ असेल तर फाशावर १० किंवा अधिक हवेत. अशी वीसपैकी अकरा दाने, म्हणजे ५५ टक्के. हिशोब सोपा झाला, पण अंक उच्चारावा की मनात ठेवावा हा प्रश्न सूत्रधाराकडेच राहिला.

व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० मधील ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ या खेळाने तो प्रश्नच काढून टाकला. तेथे दोन साध्या फाशांची बेरीज १० वा अधिक झाली तर पूर्ण यश, ७ ते ९ झाली तर किंमत मोजून यश आणि ६ वा कमी झाली तर सूत्रधाराची पाळी. गुणवृद्धी शून्य धरल्यास छत्तीस शक्यतांपैकी सहा पहिल्या गटात, पंधरा दुसऱ्यात आणि पंधरा तिसऱ्यात पडतात. लक्ष्यांक कायम असल्याने तो लपविण्याजोगा उरत नाही. सूत्रधाराच्या हाती उरतो तो परिणाम. जॉन हार्पर यांच्या २०१७ मधील ‘ब्लेड्स इन द डार्क’ने पुढचे पाऊल टाकले. फासा टाकण्यापूर्वी पात्राची स्थिती सुरक्षित, जोखमीची की जिवावर बेतणारी आहे आणि यश मिळाल्यास त्याचा प्रभाव किती पडेल, हे दोन्ही सूत्रधाराने बोलून दाखवावयाचे असते. ते ऐकून खेळाडू आपला बेत बदलू शकतो.

या वाटचालीचे वर्णन सामान्यतः गुप्ततेकडून पारदर्शकतेकडे असे केले जाते. ते अपुरे आहे. बदल माहितीच्या प्रमाणात झाला त्याहून अधिक तिच्या प्रकारात झाला. आधीची चर्चा लक्ष्यांकाभोवती फिरत होती; नंतरच्या रचनांनी परिणामाला मध्यभागी आणले. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे ‘सांगावे की न सांगावे’ हा वाद वर्षानुवर्षे त्याच जागी फिरत राहिला.

लपविण्याच्या बाजूचे युक्तिवाद

अंक गुप्त ठेवावा असे म्हणणाऱ्यांचे तीन युक्तिवाद प्रमुख आहेत. पात्राला स्वतःच्या जगात अंक दिसत नाही, म्हणून खेळाडूलाही दिसू नये, हा पहिला. अंक कळला की खेळाडू भूमिका सोडून गणित करू लागतो, हा दुसरा. उत्कंठा अज्ञानातून निर्माण होते, हा तिसरा.

पहिला युक्तिवाद वरवर सबळ वाटतो, परंतु तो उलटवता येतो. भिंतीसमोर उभ्या असलेल्या पात्राला दगडावरचे शेवाळ दिसते, खाचा दिसतात, आपल्या दंडातली ताकद ठाऊक असते. मेजाशी बसलेल्या खेळाडूला यातले काहीच दिसत नाही. सूत्रधाराची दोन वाक्ये हीच त्याची दृष्टी. अंक न सांगणारा सूत्रधार पात्राला ज्ञात असलेली गोष्टही खेळाडूकडून काढून घेतो. अंक हा पात्राच्या अनुभवाचा संक्षेप आहे, असे मानले तर तो सांगण्याने भूमिकेशी प्रतारणा होत नाही.

दुसऱ्या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते सर्वत्र लागू नाही. चढाई करणारा मनुष्यही अंदाज बांधतोच. गणित हे अंदाजाचेच काटेकोर रूप आहे. आक्षेप घ्यावयाचा तर तो गणिताला न घेता, गणित करून झाल्यावर पात्राच्या भयाला आणि आशेला जागा उरत नाही याला घ्यावा लागेल. ती जागा राखणे हे वर्णनाचे काम आहे. अंक झाकल्याने ते आपोआप होत नाही.

तिसऱ्या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी मराठी रंगभूमीचा दाखला पुरेसा आहे. सूत्रधार हा शब्द जेथून आला त्या संस्कृत नाट्यपरंपरेत प्रस्तावनेतच नाटकाचे नाव आणि कवीचे नाव सांगून प्रेक्षकाची तयारी केली जाई. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा धनुष्य कोण उचलणार हे प्रेक्षागृहातील प्रत्येकाला माहीत होते. कोकणातील दशावतारातही कथेचा शेवट कोणाला अज्ञात नसतो. तरीही रसहानी होत नाही. काय होणार हे ठाऊक असताना ते कसे घडते याची ओढ टिकते. उत्कंठेला अज्ञान लागतेच असे नाही; पणाला काहीतरी लागलेले असले की ती निर्माण होते.

असे असताना लपविण्याची प्रवृत्ती टिकून राहते, त्याचे कारण बहुधा अन्यत्र आहे. न उच्चारलेला अंक फासा पडल्यावरही बदलता येतो. आवडता प्रसंग वाचविण्यासाठी १५ चा १२ करता येतो, वा सोपा विजय रोखण्यासाठी १८. हेतू चांगला असला तरी निर्णयपद्धती फाशाकडून सूत्रधाराच्या मनाकडे सरकते, आणि खेळाडूला त्याचा पत्ता नसतो. लक्ष्यांकाच्या गुप्ततेमागे अशा रीतीने तिसऱ्या घटकाची गुप्तता दडलेली असते. याचे प्रत्यक्ष रूप पाहण्यासाठी कॉटन ग्रीनकडे वळणे उचित ठरेल.

कापसाचा दर आणि आकडा

रे रोड आणि शिवडी यांच्या मधले कॉटन ग्रीन हे हार्बर मार्गावरील स्थानक आपले नाव कापसाच्या बाजारावरून मिरविते. आधी कुलाब्यात असलेला हा व्यापार १९२० च्या दशकात बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील या विस्तीर्ण गोदामांकडे आला. पश्चिमेस काळाचौकी, लालबाग, परळ ही गिरण्यांची वस्ती, पूर्वेस गोदी. कापसाच्या गाठी येथे उतरत आणि त्याच कापसाच्या दरावर एक दुसरा, बेकायदा खेळ शहरभर चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडण्याचे आणि बंद होण्याचे दर टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात पोहोचत. त्या दरांतील अंकांवर पैसे लावले जात. याच खेळाला ‘आकडा’ म्हणत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे त्यातील दोन शब्द गिरणगावाच्या बोलीत कायमचे रुजले, ते बाजार उघडण्याच्या आणि मिटण्याच्या वेळांतूनच.

रचना म्हणून पाहिले तर या खेळात एक विलक्षण गुण होता. निकाल सात समुद्रांपलीकडून येई. पैसे घेणाऱ्याला तो बदलता येत नसे आणि लावणाऱ्यालाही. निर्णयपद्धती दोघांच्याही हाताबाहेर असल्याने ती दोघांनाही विश्वासार्ह होती. भूमिकाखेळाच्या परिभाषेत सांगावयाचे तर फासा सूत्रधाराच्या पडद्याआड नव्हता.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणाऱ्या दरांचा हा आधार तुटला. खेळ थांबला नाही. त्याने नवा फासा शोधला. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही दोन नावे या पुढील पर्वाशी जोडली गेली. चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढल्या जात म्हणून ‘मटका’ हे नाव पडले, आणि पुढे मडके जाऊन पत्ते आले तरी नाव टिकले. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेचा शेवटचा अंक हा ओपनचा आकडा. २, ५ आणि ८ निघाले तर बेरीज १५ आणि आकडा ५. क्लोजसाठी हीच क्रिया पुन्हा. दोन्ही आकडे मिळून जोडी. निर्णयपद्धती आता एका माणसाच्या हातात आली होती. म्हणूनच पत्ते चारचौघांच्या देखत काढले जातात याला या धंद्यात इतके महत्त्व आले. पूर्वी अंतराने मिळणारी खात्री आता साक्षीदारांकडून मिळवावी लागे.

आता पहिला घटक पाहू. आकड्यात लक्ष्यांकाइतकी उघड गोष्ट दुसरी नव्हती. दहा आकडे, त्यांतला एक लागणार. प्रचलित भाव रुपयाला नऊ. शंभर जोड्या, त्यांतली एक लागणार. भाव रुपयाला नव्वद. दोन्हीकडे चालविणाऱ्याचा वाटा दहा टक्के, आणि तो कोणालाही तोंडी काढता येण्याजोगा. लपविलेले काही नाही. पानाच्या खेळात, म्हणजे तीन पत्त्यांच्या पूर्ण संचावर पैसे लावताना, रचना किंचित गुंतागुंतीची होते. क्रम विचारात न घेता असे २२० संच होतात. त्यांतील १२० संचांत तिन्ही अंक भिन्न, ९० संचांत दोन समान आणि १० संचांत तिन्ही समान. प्रत्येक अंक स्वतंत्रपणे निघतो असे धरले तर पहिल्या प्रकारातील एका संचाची शक्यता हजारात ६, दुसऱ्यातील एकाची ३ आणि तिसऱ्यातील एकाची १. भावही त्याच क्रमाने चढे असत. म्हणजे येथेही काठिण्याची श्रेणी भावातून वाचता येत होती.

मग खेळाडूला न कळलेली गोष्ट कोणती? ती परिणामाची. रुपयाला नव्वद हा भाव ऐकणाऱ्याला वाटते की शंभर वेळा लावले तर एकदा तरी लागेल आणि तोटा दहाच रुपयांचा होईल. प्रत्यक्षात शंभर वेळा जोडी लावणाऱ्यांपैकी सुमारे ३७ टक्के लोकांना एकदाही जोडी लागणार नाही. त्यांचे शंभरच्या शंभर रुपये जातील. दहा टक्के हा सर्वांचा मिळून तोटा आहे. एका घराचा तोटा त्याहून फार वेगळ्या आकाराचा असतो, आणि पगाराच्या दिवशी चाळीच्या खोलीत पोहोचतो तो हाच. भाव खरा होता आणि उघड होता. तरी तो लावणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या स्थितीविषयी काही सांगत नव्हता.

याच्या जोडीला माहितीचा दुसरा एक पूर होता. मागील आकड्यांचे तक्ते, स्वप्नांचे अर्थ, वाहनांचे क्रमांक, साधुबाबांचे संकेत. मागच्या आठवड्यात ५ आला नाही म्हणून या आठवड्यात येईल, हा निष्कर्ष पत्त्यांना मान्य नसतो. पण तक्ता हातात असलेल्याला तो अटळ वाटतो. खेळाडूकडे माहिती कमी नव्हती. काठिण्याशी संबंध नसलेली माहिती मुबलक होती, आणि तिच्या गर्दीत संबंधित असलेली एक साधी गोष्ट हरवत होती. सूत्रधार जितके अधिक सांगेल तितका तो प्रामाणिक, ही समजूत येथे टिकत नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने या खेळाला बेकायदा ठरविले होते. परंतु रचनेतील हा दोष कायद्याच्या भाषेत मावणारा नाही.

दहीहंडी : डोळ्यांसमोर टांगलेला लक्ष्यांक

त्याच गल्ल्यांतील दुसरा खेळ कायदेशीर आहे, सार्वजनिक आहे आणि त्यात काठिण्य अक्षरशः दोराला टांगलेले असते. आयोजक मंडळ हंडी बांधते, उंची ठरविते, बक्षीस जाहीर करते. पथके येतात, थर लावतात. या नात्यात आयोजक हा सूत्रधार आणि पथक हा खेळाडू. त्यातही दोन रीती आहेत. हंडी फोडताना उंची आयोजकाने ठरविलेली असते. सलामी देताना किती थर लावावयाचे हे पथक स्वतः ठरविते आणि थरांच्या संख्येनुसार बक्षीस मिळते. म्हणजे सलामीत लक्ष्यांक खेळाडू निवडतो.

पारदर्शकतेच्या दृष्टीने यापेक्षा आदर्श स्थिती कल्पिता येणार नाही. उंची सर्वांना दिसते, बक्षिसाची रक्कम फलकावर असते, निर्णय गुरुत्वाकर्षण करते आणि ते कोणाच्या दबावाखाली येत नाही. लक्ष्यांक उघड आणि निर्णयपद्धती निर्विवाद. तरीही दरवर्षी गोविंदा जखमी होतात, काही कायमचे जायबंदी होतात, काही प्राणास मुकतात. म्हणून या खेळात काय सांगितले जात नाही, हे शोधणे आवश्यक ठरते.

पहिली गोष्ट लक्ष्यांकाच्या मापनाची. जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात नऊ थरांचा ४३.७९ फुटांचा मनोरा उभारून गिनेस विक्रम नोंदविला. २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले. आठ, नऊ, दहा हे अंक बोलताना प्रत्येक वेळी एकाचीच भर पडते. पायाच्या माणसाला मात्र ती भर तशी लागत नाही. वरचा प्रत्येक थर खालच्या प्रत्येक थरावर बसतो, मनोरा जितका उंच तितका त्याचा तोल नाजूक, आणि वरून पडणाऱ्याचे अंतर वाढलेले. थरांची संख्या समान पायऱ्यांनी चढते. काठिण्य तसे चढत नाही. बक्षिसाचा फलक थरांची भाषा बोलतो, म्हणून तो काठिण्य सांगत असल्याचा भास निर्माण करतो. वीस बाजूंच्या फाशावर एकाने वाढलेला अंक प्रत्येक ठिकाणी पाच टक्केच असतो. रस्त्यावरच्या मनोऱ्याला हा नियम लागू नाही.

दुसरी गोष्ट माहिती कोणाला मिळते याची. निर्णय पथकाचा म्होरक्या घेतो. भार पायातील माणसे वाहतात. सर्वांत वर जातो तो एक्का; अनेक वर्षे तो बहुधा लहान मुलगाच असे, कारण वजन कमी हवे. आयोजकाने पथकाला सर्व सांगितले असे मानले तरी ते एक्क्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते? गुरुपौर्णिमेच्या सुमारास सुरू होणाऱ्या सरावात शरीराला बरेच काही कळते, हे खरे. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलाला पडण्याचा परिणाम कळणे आणि त्याने त्यावर होकार देणे, या दोन्ही गोष्टी संशयास्पद आहेत. भूमिकाखेळात खेळाडू आणि पात्र यांच्यात अंतर असते व ते अंतरच खेळाडूला सुरक्षित ठेवते. येथे निर्णय करणारा खेळाडू खाली उभा असतो आणि पात्र वर चढते. दोघेही हाडामांसाचे असतात.

न्यायालयांनी आणि शासनाने केलेला हस्तक्षेप या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची २० फुटांपर्यंत आणि सहभागाचे वय १८ वर्षांपुढे असावे असा आदेश दिला. २०१२ च्या विक्रमात एका थराला सरासरी ४.८७ फूट उंची मिळाली होती. त्या हिशोबाने २० फूट म्हणजे सुमारे चार थर. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या आदेशाला स्थगिती दिली, तर ऑगस्ट २०१६ मध्ये याच मर्यादा शिथिल करण्यास नकार दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालण्याचे नाकारले आणि १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही ही शासनाची हमी नोंदवून घेतली. २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास दहा लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद केली. २०२३ मध्ये वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात प्रो गोविंदा स्पर्धा झाली.

या क्रमात एक दिशा दिसते. आरंभी हस्तक्षेप लक्ष्यांकावर होता. उंची किती असावी हे सांगितले गेले. नंतर तो परिणामाकडे सरकला. कोण चढेल, पडल्यास काय हाती येईल, हे सांगितले गेले. ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ने मेजावर जे केले त्याच्याशी या स्थलांतराचे साम्य आहे आणि ते स्वागतार्हही आहे. परंतु एक फरक राहतो. ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये स्थिती जिवावर बेतणारी आहे हे फासा टाकण्यापूर्वी उच्चारले जाते, म्हणून खेळाडू मागे फिरू शकतो. भरपाईची रक्कम पडण्यानंतरची किंमत सांगते. ती परिणामाचे प्रकटीकरण करते, पण उशिरा. मंडपाच्या ध्वनिक्षेपकावरून बक्षिसाचा आकडा दहा वेळा सांगितला जातो. खाली गादी आहे की डांबर, दोर किती झुलतो, रुग्णवाहिका कोठे उभी आहे, हे एकदाही सांगितले जाईलच असे नाही.

नकाराची कसोटी

दोन्ही उदाहरणांत लक्ष्यांक उघड होता आणि दोन्हींत खेळाडूची हानी झाली. यावरून माहिती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रश्न असा की माहिती कशासाठी हवी? उत्तर असे की ती ऐकून खेळाडूला ‘नाही’ म्हणता यावे यासाठी. जी माहिती ऐकल्यावर होकार आणि नकार दोन्ही सारखेच शक्य राहतात तीच काठिण्याची माहिती. उरलेली सजावट होय.

या कसोटीची दुसरी बाजू महाभारतातील द्यूतप्रसंगात दिसते. शकुनी कसलेला आणि कपटी खेळाडू आहे हे युधिष्ठिराला ठाऊक होते. दुर्योधनाच्या वतीने दुसऱ्याने खेळावे हे विषम आहे, असे तो सभेत बोलूनही दाखवितो. शकुनीचे फासे हाडांचे होते ही लोककथा बाजूला ठेवली तरी काठिण्य त्याला पूर्ण ज्ञात होते. पण आव्हान नाकारावयाचे नाही या व्रताने त्याचा नकार आधीच काढून घेतला होता. ज्ञान होते, वाट नव्हती. म्हणून सभापर्वाचा दोष केवळ कपटात शोधणे अपुरे ठरते. ज्या सभेत कोणी उठून जाऊ शकत नाही ती सभाच सदोष रचनेची आहे.

हीच गोष्ट गल्लीतील पथकाला लागू होते. मागच्या वर्षी सात थर लावलेल्या पथकाला शेजारच्या पथकासमोर, गर्दीपुढे, बक्षिसाच्या घोषणेनंतर सहावर थांबता येते काय? थर लावून सुखरूप उतरणे यालाही मान मिळतो, तेथे नकाराला जागा आहे. सलामीची रीत या अर्थाने हंडीपेक्षा शहाणी आहे. तीत आपली मर्यादा स्वतः सांगण्याचा अधिकार पथकाला मिळतो.

प्रकटीकरणाच्या मर्यादा

सर्वच सांगावे असा याचा अर्थ होत नाही. काठिण्य आणि रहस्य यांत भेद करावा लागतो. दारामागे काय आहे हे रहस्य. दार किती मजबूत आहे हे काठिण्य. पहिले राखण्याचा सूत्रधाराला पूर्ण अधिकार आहे, कारण ते पात्रालाही अज्ञात आहे. काही प्रसंगी मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात. समोरचा मनुष्य खोटे बोलत आहे काय, हे पात्राला ओळखावयाचे असेल आणि सूत्रधाराने मोठा अंक उच्चारला, तर अंकच खोटेपणाची कबुली देतो. अशा ठिकाणी लक्ष्यांक झाकणे योग्य. तेव्हाही चुकीचा अंदाज बांधल्यास काय पणाला लागेल आणि निकाल फाशावरच लागेल, हे दोन घटक सांगता येतात. एक झाकताना उरलेले दोन झाकण्याची गरज नसते, हेच तीन घटक वेगळे करण्याचे प्रयोजन.

निष्कर्ष

१. काठिण्याच्या माहितीत लक्ष्यांक, परिणाम आणि निर्णयपद्धती हे तीन स्वतंत्र घटक आहेत. सूत्रधाराच्या प्रामाणिकपणाचे मोजमाप केवळ पहिल्यावरून करता येत नाही.

२. कापसाच्या दरावरील आकड्यात निर्णयपद्धती खेळातील सर्वांच्या हाताबाहेर असल्याने विश्वासार्ह होती. पत्त्यांच्या पर्वात तिला साक्षीदारांची गरज लागली. दोन्ही पर्वांत भाव उघड राहूनही एका घरावरील परिणाम अस्पष्टच राहिला.

३. दहीहंडीत लक्ष्यांक डोळ्यांसमोर असूनही थरांची भाषा काठिण्याची वाढ कमी दाखविते आणि ही माहिती जो प्रत्यक्ष वर चढतो त्याच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही.

४. प्रसंगपरत्वे लक्ष्यांक गुप्त ठेवणे समर्थनीय आहे. परिणाम आणि निर्णयपद्धती गुप्त ठेवणे सामान्यतः समर्थनीय नाही.

५. खेळाडूचा नकार अर्थपूर्ण राहील इतके सांगणे आणि तो नकार मानहानीविना स्वीकारणे, या दोन गोष्टी मिळून सूत्रधाराचे किमान उत्तरदायित्व पूर्ण होते. मेजावरील खेळात हे पाळले गेले नाही तर खेळ फिका होतो. हंडीखालच्या रस्त्यावर पाळले गेले नाही तर त्याची किंमत वरच्या थरातील सर्वांत लहान गोविंदा मोजतो.